डबा, भाकरी आणि दुपारी तीनची झोप: माझ्या साखरेच्या तीन महिन्यांच्या नोंदी

सोमवार, १० जून २०२४

शनिवारी रिपोर्ट आला. उपाशीपोटी साखर ११४, एचबीए१सी (म्हणजे गेल्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.२, हिमोग्लोबिन १०.१. डॉक्टर म्हणाले, मधुमेह झालेला नाही, पण उंबरठ्यावर आहात. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. साखरेची गोळी आत्ता नको, तीन महिने खाण्यात बदल करा, मग परत तपासू. लोहाच्या गोळ्या मात्र लगेच सुरू करा म्हणाले. गोळ्या आणल्या आणि कपाटात ठेवल्या. माझं सगळं लक्ष साखरेच्या आकड्यावर होतं. ही पहिली चूक. तिचा हिशेब पुढे येईल.

खरं तर मी साखर तपासायला गेलेच नव्हते. मी फलटणला एका पतसंस्थेत रोखपाल आहे. गेलं वर्षभर दुपारी तीन वाजले की डोळे मिटायला लागतात. नोटा मोजताना आकडा मध्येच हरवतो, बंडल पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं. मेच्या शेवटी एका खातेदाराला ५०० ची एक नोट जास्त गेली. संध्याकाळी रोजकीर्द आणि पेटी जुळेना. पैसे मी भरले, पण त्या रात्री ठरवलं की हे नुसतं वय नाही, कुणाला तरी दाखवायचं.

माझं वजन ५६ किलो, उंची पाच फूट दोन इंच. नात्यातल्या बायका म्हणाल्या, "तू तर बारीक, तुला कसली साखर?" डॉक्टरांनी यावर पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं उदाहरण दिलं. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक आणि आतून जाड, असे आपण लोक. तेव्हा वजनकाट्यावर विसंबून राहायचं नाही.

आजपासून वही. डाव्या पानावर काय खाल्लं, उजव्या पानावर आकडे, आणि खाली दुपारी तीनला झोप आली का, रोख पहिल्या मोजणीत जुळली का.

गुरुवार, १३ जून

ग्लुकोमीटर परवा आणला. २५ पट्ट्यांसकट ८९० रुपये. वेगळा ५० पट्ट्यांचा बॉक्स १,०८०, म्हणजे एक पट्टी साडेएकवीस रुपयांना. १०० सुया १८० रुपये. हा खर्च मुद्दाम लिहिते, कारण दर तासाला बोट टोचत बसलं तर महिन्याचा किराणा जाईल. त्यामुळे एका दिवसात एकच जेवण तपासायचं असं ठरवलं: खाण्याआधी एकदा, एका तासाने एकदा, कधी कधी दोन तासांनी.

पहिली मोजणी नेहमीच्या नाश्त्याची. ताटलीभर कांदेपोहे, दोन चमचे साखरेचा चहा. एका तासाने १९६, दोन तासांनी १५८. खाण्याआधी ११० होती.

शुक्रवार, १४ जून

सगळं पुसून पुन्हा. मी तास मोजत होते ते ताटली धुवून ठेवल्यापासून. प्रयोगशाळेतल्या ताईंनी सांगितलं, घड्याळ पहिल्या घासापासून लावायचं. मी नाश्ता करता करता डबे भरते, त्यात पंचवीस-तीस मिनिटं जातात. म्हणजे माझा एक तास खरा दीड तासाचा होता. गेल्या तीन दिवसांच्या ११ पट्ट्या बाद. मोबाइलवर पहिल्या घासाला गजर लावायचा, एवढाच त्यावर उपाय.

रविवार, १६ जून

काल जेवणाआधी साखर २४३ आली. घरात सगळे घाबरले. मी स्वतः ओट्याला धरून उभी राहिले. दुपारी मुलाने आमरस मागितला होता, म्हणून आठ केशर आंबे पिळले होते, आणि हात नुसते नळाखाली धरून पदराला पुसले होते. ह्यांनी म्हटलं, "एकदा साबणाने हात धुऊन बघ." साबण लावून, नखांपर्यंत चोळून, कोरडं करून दुसऱ्या बोटाची सुई घेतली. १०४.

बोटाच्या कातडीवर राहिलेला आंब्याचा रस पट्टीवरच्या रक्तात मिसळला होता. केळं, द्राक्ष, संत्रं सोललं तरी हेच होतं. नुसत्या पाण्याने तो चिकटपणा जात नाही. आता क्रम ठरलाय: साबण, कोरडा टॉवेल, बोटाची कड (मध्यभागी टोचलं तर दिवसभर नोटा मोजताना ठणकतं), पहिला थेंब कापसाने टिपायचा, दुसरा पट्टीला लावायचा. बोट दाबदाबून रक्त काढायचं नाही. हात गार असतील तर आधी कोमट पाण्यात धरायचा.

मंगळवार, २५ जून

नऊ दिवस फक्त नाश्ता तपासला. चहा सारखाच, वेळ सारखी, बदल फक्त ताटलीतला. एका तासानंतरचे आकडे:

पोहे, पूर्वीइतकेच: १९१.
पोहे निम्मे आणि निम्मी मोड आलेली वाफवलेली मटकी, वरून मूठभर शेंगदाणे: १५२.
तीन इडल्या, खोबऱ्याची चटणी: १८३.
थालीपीठ एक, वाटीभर दही: १४८.
ज्वारीची एक भाकरी, पिठलं, कांदा: १३९.
अर्धी भाकरी, दोन अंडी: १२४.
दुधातलं नाचणीचं सत्त्व, गूळ घालून: २०३.

शेवटच्या आकड्यावर विश्वास बसेना, म्हणून दोन दिवसांनी तेच परत केलं. १९८. गेली दोन वर्षं मी रोज सकाळी हे सत्त्व पीत होते, लोह आणि कॅल्शियम मिळावं म्हणून. नाचणीचा दोष नाही. सत्त्व काढताना नाचणी भिजवून, वाटून, गाळून चोथा टाकतो आणि खाली बसलेला पिठूळ भाग वाळवतो. मग तो शिजवून पातळ करतो. चावायचं काही उरत नाही, पोटाला फोडायचंही काही उरत नाही, साखर सरळ रक्तात जाते. नाचणीची भाकरी करून उसळीबरोबर खाल्ली तेव्हा १५० च्या आत राहिली.

हे आकडे माझे आहेत. तुमचे वेगळे येतील. आणि आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली: घरच्या मीटरचा मान्य फरकच १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंत असतो. म्हणून १४८ आणि १३९ माझ्या वहीत एकच. थालीपिठापेक्षा भाकरी चांगली असं मी यावरून म्हणणार नाही. पोहे आणि अंडी-भाकरी यांत मात्र सत्तरच्या आसपास फरक आहे, तो खरा धरते.

शुक्रवार, २८ जून

माझं माहेर कराडकडचं. दरवर्षी चुलत्यांच्या गुऱ्हाळावरून गुळाची ढेप येते. साखर सोडून सगळं गुळावर आणलं की काम झालं, असं मी धरून चालले होते. पोहे-चहा साखरेचा आणि पोहे-चहा गुळाचा, दोन्ही दोनदा तपासले. काही फरक नाही. गूळ बहुतेक ऊसातली साखरच आहे. चव आणि माहेर दोन्ही त्यात आहेत, म्हणून ढेप घरात राहील, पण औषध म्हणून नाही. चहातली साखर दोन चमच्यांवरून अर्ध्यावर आणली. आठवड्याने सवय झाली.

सोमवार, ८ जुलै

हा आठवडा वाया गेला आणि तो माझ्या घाईने गेला. १ तारखेपासून भाकरी, पोळी, भात सगळं बंद केलं. पनीर, अंडी, शेंगदाणे, पालेभाज्या, ताक. एका तासाचे आकडे ११० ते १२० मध्ये, बघून फार बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी डोकं धरलं. चौथ्या दिवशी मुलावर विनाकारण ओरडले. त्याची बारावी आहे, त्याला माझ्या साखरेशी काय देणंघेणं? पाचव्या दिवशी सकाळची उपाशीपोटी साखर ११८ आली, म्हणजे आधीपेक्षा कमी नव्हतीच. आणि काल रात्री अकरा वाजता, सगळे झोपल्यावर, उभ्या उभ्या दोन वाट्या चिवडा आणि चार रव्याचे लाडू खाल्ले. एका तासाने १८८.

ज्या घरात दोन्ही वेळेला भाकरी थापली जाते त्या घरात भाकरी सोडून मी महिना काढू शकत नाही, हे सात दिवसांत कळलं. आजपासून जेवणाला एक भाकरी, ठरलेल्या आकाराची. सासूबाईंनी त्यासाठी एक स्टीलची ताटली बाजूला काढून ठेवली आहे. त्या ताटलीच्या काठाबाहेर भाकरी जाऊ द्यायची नाही.

रविवार, १४ जुलै

पालखी येऊन गेली. आमच्याकडे दिंडीतले बावीस वारकरी उतरले होते. पहाटे चारपासून पिठलं-भाकरी, मिरचीचा ठेचा, रात्री उशिरापर्यंत वाढणं. मोजमाप काही केलं नाही. एवढंच लिहिते की दिवसभर पायावर असून त्या दिवशी दुपारी तीनला झोप आली नाही. का, ते तेव्हा लक्षात आलं नाही.

गुरुवार, १८ जुलै

काल आषाढी. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आमच्या घरात अक्षरशः खरी आहे. दुपारी साबुदाण्याची खिचडी, बटाटा जास्त. एका तासाने २१४, दोन तासांनी १७६. आंब्याच्या हाताचा खोटा आकडा सोडला तर आजवरचा सगळ्यात मोठा आकडा, तोही उपासाच्या दिवशी. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा निव्वळ स्टार्च, त्यात तंतू आणि प्रथिनं नावालाच. सुट्टी होती म्हणून तीनला सरळ आडवी झाले आणि साडेपाचला जड डोक्याने उठले.

रात्री वरीचा भात आणि दाण्याची आमटी: १७२. आज सकाळी पारण्याआधी राजगिऱ्याची भाकरी आणि दही करून पाहिली: १४६. आईंना (सासूबाईंना) वही दाखवली. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "आमच्या लहानपणी उपासाला रताळं आणि वरीच असायची. साबुदाण्याचं एवढं कौतुक नंतर आलं." पुढच्या एकादशीला राजगिरा, दही आणि एक लहान उकडलेलं रताळं, असं त्यांनीच ठरवलं.

बुधवार, २४ जुलै

ही नोंद सगळ्यांनी वाचावी अशी आहे.

अण्णा, माझे सासरे, ७२ वर्षांचे. चौदा वर्षांपासून मधुमेह. सकाळ-संध्याकाळ ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी घेतात. माझी वही ते रोज चष्मा लावून वाचत होते. मला न सांगता त्यांनी रात्रीची दुसरी भाकरी आणि भात सोडला. गोळी मात्र तेवढीच.

काल पहाटे पाचला आईंनी हाक मारली. अण्णा पलंगाच्या कडेला बसले होते. बंडी पाठीला चिकटली होती, कपाळावरून घाम टपटपत होता, पंखा चालू असून. हात इतके थरथरत होते की पाण्याचा तांब्या धरता येईना. मी विचारलं, "अण्णा, काय होतंय?" ते म्हणाले, "गाडी चुकेल." एवढंच, दोनदा. मीटर लावला. ५२.

७० च्या खाली म्हणजे साखर घसरलेली. अण्णा जागे होते, गिळू शकत होते, म्हणून तीन चमचे साखर अर्ध्या पेल्यात विरघळवून घोट घोट पाजली. घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबले. ती पंधरा मिनिटं मी त्यांचा हात धरून बसले होते, हात बर्फासारखा गार. मग ८१. त्यानंतर दूध आणि अर्धी भाकरी. सहाला त्यांनी स्वतः चहा मागितला. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, सरळ दवाखाना, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

डॉक्टरांनी संध्याकाळची गोळी बदलून फक्त मेटफॉर्मिन ठेवली. माझी कानउघाडणी केली, ती योग्य होती. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन शरीराला साखर उतरवायला लावतंच, पोटात भाकरी असो नसो. खाणं कमी करायचं तर आधी गोळीचं विचारायचं. वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलं आहे: ही वही अण्णांसाठी नाही. अण्णांची वेगळी.

जाता जाता डॉक्टरांनी विचारलं, "लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना?" मी खाली बघितलं. दुपारची झोप नुसती साखरेमुळे येते असं कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. हिमोग्लोबिन १०.१ असताना कुणालाही थकवा येईलच. सहा आठवडे वाया गेले.

शुक्रवार, २६ जुलै

लोहाची गोळी सुरू. सकाळी लिंबूपाण्याबरोबर. जेवणाबरोबरचा चहा बंद, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. चहा आता जेवणानंतर दोन तासांनी. पोट थोडं बिघडलं, दोन दिवसांनी सावरलं.

आता अडचण अशी की थकवा कमी झाला तर तो कशामुळे झाला हे मला सांगता येणार नाही. दोन गोष्टी एकदम चालू आहेत. जूनमध्येच गोळी सुरू केली असती तर निदान सुरुवात एका रेषेवर झाली असती. हे असंच लिहून ठेवते.

शनिवार, ३ ऑगस्ट

डब्याकडे वळले. डबा नेहमीचा: दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, वाटीभर भात, आमटी. एका तासाने १८७. पतसंस्थेत मागे जुन्या फायलींची खोली आहे, तिथे बसून टोचते.

मग डबा तोच ठेवला, त्यात काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि छोटी वाटी मटकीची उसळ घातली, भात निम्मा केला. खाण्याचा क्रम बदलला: आधी कोशिंबीर आणि उसळ, दहा मिनिटं थांबून पोळी-भाजी, शेवटी भात. १५५. क्रमामुळे की भात कमी केल्यामुळे? दुसऱ्या दिवशी सगळं तेवढंच घेतलं, पण पोळी-भात आधी आणि उसळ शेवटी. १७४. तिसऱ्या दिवशी पुन्हा उसळ आधी. १५८. दोन्हींचा हात आहे, असं मी धरते. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. अल्पना शुक्ला आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मधुमेही रुग्णांवर हेच तपासलं होतं. भाज्या आणि प्रथिनं आधी, पाव आणि रस शेवटी, तर जेवणानंतरची साखर कमी चढली. आपल्या ताटात हे करायला काही विकत आणावं लागत नाही. फक्त आधी मीठ-लिंबू-कोशिंबीर वाढायची पद्धत आहेच, तिथून सुरुवात करायची.

ते दहा मिनिटं थांबणं मला जड जातं. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. त्यामुळे उसळ मी आता सव्वाला काउंटरवरच खाते, जेवण दीडला.

बुधवार, ७ ऑगस्ट

पट्ट्यांची डबी रविवारी उघडी राहिली. स्वयंपाकघराच्या फळीवर, बाहेर मुसळधार. काल आकडे वेड्यासारखे आले म्हणून एकाच बोटावर पाच मिनिटांत तीन पट्ट्या लावल्या: ८८, १३१, १०९. उरलेल्या टाकल्या. तपासणीतल्या धरून १७ पट्ट्या, ३६७ रुपये. पट्ट्यांना दमट हवा चालत नाही, त्यांच्याच डबीत, झाकण गच्च लावून, फ्रिजबाहेर कोरड्या जागी ठेवायच्या. डबी उघडल्यापासून किती दिवसांत संपवायच्या तेही डबीवर छापलेलं असतं. उघडलेली तारीख आता वर पेनाने लिहिते.

सोमवार, १२ ऑगस्ट

जेवण झाल्यावर चालणं. आधीचाच १८७ वाला डबा, कोशिंबीर-उसळ नाही, क्रम नाही, मुद्दाम. जेवल्यावर लगेच उठून एसटी स्टँडपर्यंत जाऊन परत, पंधरा-सोळा मिनिटं, साधी चाल. एका तासाने १४९. दुसऱ्यांदा १५३.

वही मागे उलटून पाहिली. पालखीच्या दिवशी जेवून मी बसलेच नव्हते. भांडी, वाढणं, जिना चढणं-उतरणं. उत्तर महिनाभर आधीच माझ्या वहीत होतं आणि मी ते वाचलं नाही.

आत्तापर्यंत केलेल्या फुकटच्या बदलांत हा सगळ्यात मोठा. मला त्याचा खरोखर आनंद झाला. आता शेजारच्या काउंटरवरच्या ताई पण माझ्याबरोबर येतात. पाऊस असला की संस्थेचा जिना, दोन मजले, आठ फेऱ्या. पायऱ्यांनी गुडघा दुखायला लागला तर व्हरांड्यात येरझाऱ्या.

मंगळवार, २० ऑगस्ट

काल नारळी पौर्णिमा आणि श्रावणी सोमवार एकत्र. नारळी भात अर्धी वाटी, जेवणाच्या शेवटी, मग चालणं. १६४. ठीक.

एक न ठरवता झालेला प्रयोग. शनिवारी रात्री मुलाला ताप, मी तीन तास झोपले. रविवारी सकाळी तीच भाकरी, तेच पिठलं, तोच चहा. नेहमी १३९-१४० येते, त्या दिवशी १६८. एकदाच घडलंय, तेव्हा ठाम म्हणत नाही. पण जागरण झालं की त्या दिवशी पोह्यांच्या वाटेला जात नाही.

शनिवार, ३१ ऑगस्ट

रोखीचा हिशेब. १० ते ३० जूनमध्ये पाच दिवस पेटी दुसऱ्या-तिसऱ्या मोजणीत जुळली. जुलैत सहा दिवस, त्यातले तीन भाकरी बंद असलेल्या आठवड्यातले. ऑगस्टमध्ये एकदा. तीनची झोप जूनमध्ये जवळजवळ रोज, ऑगस्टच्या शेवटच्या पंधरवड्यात दोनदा.

पहिला फरक कळला तो अमुक एका दिवशी नाही. एकदा शंभराच्या नोटांचं बंडल मोजून रबर लावलं आणि घड्याळाकडे पाहिलं, तर तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. जांभई आली नव्हती.

गुरुवार, १२ सप्टेंबर

गणपतीत दोन उकडीचे मोदक, वर तूप, जेवणाच्या शेवटी: १७१. काल गौरीच्या नैवेद्याची दीड पुरणपोळी, कटाची आमटी, भजी: १९२. चालायला वेळ मिळाला नाही, घरात चाळीस माणसं. लिहून ठेवलं आणि पुढे गेले. गौरी वर्षातून एकदा येतात. आज सकाळी पुन्हा ताटलीएवढी भाकरी.

शनिवार, १४ सप्टेंबर

रिपोर्ट. उपाशीपोटी १०३. एचबीए१सी ५.८. हिमोग्लोबिन ११.९. वजन ५५.

मी पेढे घेऊनच गेले होते. डॉक्टरांनी पेढा घेतला आणि म्हणाले, एचबीए१सीचा हा सगळा उतार खाण्याचा समजू नका. रक्तात लोह कमी असलं की एचबीए१सी असते त्यापेक्षा थोडी जास्त दिसू शकते, आणि लोह भरून निघालं की ती आपोआप थोडी उतरते. म्हणजे ६.२ आणि ५.८ मधल्या ०.४ पैकी भाकरी-उसळीचे किती आणि गोळीचे किती, हे वेगळं काढता येणार नाही. दुपारच्या झोपेचंही तसंच. मला वाईट वाटलं, पण त्यांचं म्हणणं पटलं. जेवणानंतरचे मीटरवरचे आकडे मात्र त्या त्या वेळचे आहेत. १८७ चं १५० झालं ते गोळीने नव्हे, ते लोह सुरू व्हायच्या आधीच्या पोहे-मटकीतही दिसतं. लोह अजून तीन महिने, डिसेंबरमध्ये परत तपासणी. तोपर्यंत नवा बदल काही करायचा नाही.

खर्च: मीटर ८९०, दोन बॉक्स २,१६०, सुया १८०, दोन वेळच्या तपासण्या १,४००. एकूण ४,६३०, डॉक्टरांची फी वेगळी. १२५ पट्ट्यांपैकी चुकीच्या घड्याळात ११, दमट हवेत १७, रक्त कमी पडून ८ गेल्या. १४ शिल्लक. म्हणजे कामाच्या ७५. पुन्हा करायचं झालं तर मी फक्त नाश्ता आणि डबा तपासेन, त्याला ४० पट्ट्या पुरतात.

शिल्लक पट्ट्या अण्णांच्या वहीला दिल्या. त्यांची वही स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या खिळ्याला दोऱ्याने बांधली आहे. रात्रीच्या भाकऱ्या किती, गोळी घेतली का, पहाटेचा आकडा. आजचा त्यांच्या अक्षरात, थोडा वाकडा: दीड भाकरी, १२६.